‘पगार घेतो तो सेवक कसला?’ या मेसेजला उत्तर

सीना नदीच्या पुरानंतर सोलापूरच्या ग्रुपांवर सुरू झालेला एक मेसेज अजून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पगार आणि ऑफिसवर खर्च करते ती संस्था चोर. सरकारनेही असा खर्च बंद केलाय. आणि माणूस प्रामाणिक असला की ऑडिट, मंडळ, ठराव कशाला? डॉ. कोटणीसांना लागलं होतं का ऑडिट?

मी पूर्व भागात विडी कामगारांच्या मुलींसाठी चालणाऱ्या एका अभ्यासिकेचे हिशेब लिहितो. हा मेसेज मला चार ओळखीच्या, भल्या माणसांनी पाठवला, म्हणून उत्तर देतोय.

आमच्याकडे सगळ्यात मोठा खर्च दोन ताईंच्या पगाराचा. संध्याकाळी आईशेजारी बसून पानं कातरणाऱ्या मुलीला दहावीचं गणित त्या शिकवतात, चार दिवस आली नाही तर तिच्या घरी जातात. हा पगार म्हणजेच आमचं काम. पुरातही तेच दिसलं. हमरस्त्यावरच्या गावांना तीन-तीनदा किट मिळाले आणि आतल्या वस्त्या कोरड्या राहिल्या, कारण गाड्या पुष्कळ होत्या पण घरोघर फिरून यादी करणारं माणूस नव्हतं. यादी करायला दिवस जातात, आणि दिवस घालणाऱ्याला पोट असतं.

सरकारने खर्च बंद केला, हे चूक आहे. 2020 मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. ती फक्त परदेशातून आलेल्या पैशाला आहे. शिवाय संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार त्या नियमांत प्रशासकीय खर्च धरतच नाहीत. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी करायच्या खर्चाची, 5 टक्क्यांची मर्यादाही मेसेजमध्ये आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या कारभारखर्चावर आहे, पैसे घेणाऱ्या संस्थेवर नाही.

आता प्रामाणिकपणाचं. यावर मला मनापासून बोलायचंय, कारण हे मी जवळून पाहिलंय. पूर्वी मी एका संस्थेत मदत करायचो. तिथले अध्यक्ष, आम्ही त्यांना काका म्हणायचो, एका पैशाला शिवणारे नव्हते. पण सभा क्वचित व्हायच्या, ठराव तोंडी. दोन विश्वस्त वारले, त्यांच्या जागी नवे आले, पण संस्थेची नोंदणी असते त्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज कुणी दिलाच नाही. कायद्याने तो 90 दिवसांत द्यायचा असतो. काकांना अर्धांगवायू झाला आणि सही करणारं कुणी उरलं नाही. खात्यात पैसे असून शिक्षिकांचे पाच महिन्यांचे पगार थकले. त्यातच कुणीतरी विचारलं, वर्गखोल्यांचं काम काकांच्या पुतण्याला कसं दिलं? कदाचित त्याचाच दर कमी असेल. पण कोटेशन मागवलेली नव्हती, आणि काका त्या चर्चेतून उठून बाहेर बसले होते असं सांगणारा ठरावही नव्हता. अंथरुणावरचा माणूस चोर ठरला आणि आमच्या हातात दाखवायला एक कागद नव्हता. खोटारड्याला कागदाची अडचण वाटेलच, पण प्रामाणिक माणसाला त्याच्याशिवाय दुसरा साक्षीदार नसतो.

डॉ. कोटणीस आपले, सोलापूरचे, म्हणून त्यांचं नाव असं वापरलेलं लागतं. 1938 मध्ये युद्धात सापडलेल्या चीनच्या मदतीला ते एकटे निघाले नव्हते. काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. सुभाषचंद्र बोस तेव्हा अध्यक्ष होते आणि या मदतीसाठी ‘चीन दिन’ पाळून लोकांकडून निधी गोळा केला होता. कोटणीसांच्या त्यागामागेही एक संघटना उभी होती.

मेसेजमागचा संशय मात्र मला मान्य आहे. लबाड संस्था आहेत. पण टक्केवारी विचारून त्या सापडत नाहीत, कारण खर्चाचं नाव बदलणं सोपं असतं. विश्वस्तांत एकाच घरचे किती, ते विचारा. गेल्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागा. नोंदणीकृत न्यासाला, म्हणजे ट्रस्टला, तो दरवर्षी करावाच लागतो, त्यामुळे दाखवायला का-कू करणाऱ्याला देणगी देऊ नका.

आम्ही ताळेबंद आणि महिन्याचा खर्च अभ्यासिकेच्या भिंतीवर लावतो. गेल्या दिवाळीनंतर एका मुलीची आई तो लेकीकडून वाचून घेत होती. मग तेलुगू-मराठी मिसळून तिने मला विचारलं, “दादा, दहा दिवस सुट्टी होती ना, मग पाण्याच्या जारचे पैसे अख्ख्या महिन्याचे कसे?” माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. पुढच्या बिलात ते पैसे वळते करून घेतले.