६० की १०० एमएम? कास पठारावरचा अनुभव

मॅक्रो लेन्सवरच्या एका लेखात म्हटलंय, हातात धरून मॅक्रो (छोट्या गोष्टींचे अगदी जवळून फोटो) काढायला ६० एमएमची लेन्स पुरे, कारण ती हलकी. फुलांपुरतं मान्य. पण मी साताऱ्याचा, दर सप्टेंबरला कास पठारावर जातो. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांवर अडकलेला किडा १:१ ने (सेन्सरवर प्रत्यक्षाएवढाच मोठा) टिपायचा तर ६० एमएमचं तोंड विषयापासून जेमतेम चार बोटांवर येतं. लेन्सची सावली किड्यावरच पडते. १०० एमएमला त्याहून चांगलं जास्त अंतर मिळतं. शिवाय फुलं तुडवत पुढे सरकायचं नसतंच, वाटेवरूनच काढायचं.

स्टॅबिलायझेशनवर (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) मात्र फार भिस्त नको. कॅननच्या ईएफ १०० एमएम एल लेन्सला कंपनीच चार स्टॉप सांगते (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवायची मुभा), १:१ ला दोनच. त्यात आपण पुढे-मागे डुलतो ते वेगळंच, आणि पठारावरचा वारा 'सीतेची आसवं' या इवल्या फुलांना क्षणभर स्थिर राहू देईल तर शप्पथ! मी शटर १/२५० सेकंदाच्या खाली उतरवत नाही, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) खुशाल वाढवतो. कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, फोकस मॅन्युअल, अन् अंगानेच किंचित पुढे-मागे होत पाच-सहा फ्रेम सलग. एखादी लागतेच.

जुनी, स्टॅबिलायझेशन नसलेली सेकंडहँड १०० एमएमही चालेल. उरलेल्या पैशात फ्लॅश आणि त्याचा प्रकाश मऊ करणारा डिफ्युझर घ्या.