मंद आचेवर सेन्सर

चहाचे दहा आणि गॅसचे वीस, असे तीस रुपये गेल्या गुरुवारी मी नाशिकच्या अंबडमधल्या एका टपरीवर मोजले. चहाबद्दल काही म्हणणं नाही. गॅसचे वीस मात्र अजून घशात अडकलेत.

झालं असं, की गाडीचा सायलेन्सर गेला. सिंहस्थाच्या नावाने शहरभर खोदकाम चाललंय, त्यातल्या एका खड्ड्यात तो खालून घासला आणि दुसऱ्या दिवसापासून आमची बारा वर्षांची पेट्रोल गाडी ट्रॅक्टरचा आवाज काढू लागली. रात्री सोसायटीत शिरलो की वॉचमन दचकून उठून सलाम ठोकायचा, एवढाच काय तो फायदा. मिस्त्री म्हणाला, "शेठ, लोखंडी टाकाल तर दोन पावसाळे. पुढच्या पाइपापासून मागपर्यंत स्टेनलेसचा करून टाका. एकदाच काय तो खर्च." चिरंजीवांनी लगेच री ओढली. त्यांना आवाज 'भारी' हवा होता, मला आवाजच नको होता. दोघांनी मिळून माझं मन वळवलं आणि त्याला अपग्रेड असं नाव दिलं.

मेख होती ती 'पुढच्या पाइपापासून' या दोन शब्दांत. तिथे ऑक्सिजन सेन्सर बसतात. धुरातला विषारी भाग कमी करणारा जो कॅट कन्व्हर्टर असतो, त्याच्या आधी एक, नंतर एक. पहिला धूर हुंगून इंजिनाला कळवतो की पेट्रोल जास्त होतंय की हवा. दुसरा कॅट नीट काम करतोय का ते बघत बसतो. म्हणजे एक कारकून आणि एक ऑडिटर. आमचा ऑडिटर ठणठणीत होता, पण जुन्या पाइपात असा गंजून बसला होता की खुर्ची सोडायला तयार नाही. कारकून बावीसच्या पान्याने अलगद निघाला, पण तो आधीच कामातून गेलेला. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा आमच्याकडे दिवाळीपासून पेटलेलाच होता. स्कॅनरने त्याचं नाव सांगितलं पी-०१३५, म्हणजे सेन्सरच्या पोटातला हीटर बंद. हा सेन्सर तीनेकशे डिग्रीच्या वर तापल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून कंपनीने त्याच्या आत इवलीशी शेगडी बसवलेली असते. ती विझली की सकाळी थंड इंजिनाला बराच वेळ काही कळत नाही, आणि ते अंदाजपंचे पेट्रोल ओतत राहतं. माझ्या पैशाने.

नवा सेन्सर साडेसहा हजाराला. एक. वस्तू अंगठ्याएवढी. लासलगावला भाव पडलेला असला तर तेवढ्या पैशात छोटा टेम्पो भरून कांदा येतो, आणि तो निदान खाता तरी येतो.

मिस्त्रीने स्वस्तातला उपाय सुचवला, दिव्यावर काळी टेप. मला वाटलं गंमत करतोय. पण त्याने खिशातून टेप काढली होती. "याचे किती घेशील?" म्हटलं. "टेपचे? शेठ, तुमच्याकडून काय घ्यायचे!" हे वाक्य लक्षात ठेवा.

तर मी जुना सेन्सर शोधायला निघालो. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ साली बुलडोझर लावून उठवला होता. दुकानं कुठे कुठे पांगली ते मला माहीत नाही, पण मिस्त्रीला झोपेतही सापडतात. त्याने पाठवलं तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये माणूस बसला होता. त्याने पोत्यातून, मासेवाली बोंबील निवडते तसे, वायरीसकट सेन्सर उपसून त्यातला एक माझ्यापुढे धरला.

"चालू आहे का?"

"चालत्या गाडीचा काढलाय."

"चालती गाडी भंगारात कशी आली?"

"ठोकली ना."

"म्हणजे ठोकेपर्यंत चालू होता."

"सेन्सर नाही ठोकला, शेठ. गाडी ठोकली."

याच्यापुढे बोलणं खुंटलं. नऊशे रुपये देऊन तो रुमालात गुंडाळून घेतला. ग्यारंटी विचारली तेव्हा त्याने शेडच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथवर.

आता काका. गॅरेजच्या दारात रंगाचा रिकामा डबा उलटा घालून एक गृहस्थ सकाळपासून बसले होते. स्कूटरचा प्लग साफ करायला आलेले. सत्तरीच्या पुढचे, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि त्यातलं एक पेन नव्हतंच, टेस्टर होता. मी रुमाल सोडला आणि ते डब्यासकट जवळ सरकले.

"लॅम्बडा," काका म्हणाले.

मी म्हटलं, "नाही, ऑक्सिजन सेन्सर आहे."

"तेच ते. एक किलो पेट्रोल जाळायला किती हवा लागते?"

चाळीस अंश उन्हात, पंधरा हजारांच्या खर्चाच्या उंबऱ्यावर उभ्या माणसाला कुणी तोंडी परीक्षा घेतो का? मी गप्प. "चौदा पॉइंट सात किलो," त्यांनी स्वतःच उत्तर दिलं आणि स्वतःलाच मार्क दिल्यासारखी मान हलवली. "ओझरला होतो मी. एचएएलला. मिगवर." नाशिकमध्ये राहणाऱ्याला हे सांगायला नको. इथे दर तिसऱ्या कॉलनीत असे एक काका असतात. १९६४ साली ओझरला एचएएलचा मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला तेव्हापासून या शहरात मिक्सर दुरुस्त करायलासुद्धा विमानाचं ज्ञान वापरलं जातं. आमच्या शेजारच्यांनी गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट बसवताना मला 'टॉर्क' समजावून सांगितला होता. टाकी अजून वाहते.

"मिग-२१ तर आता रिटायर झालं," मी म्हटलं.

"२०२५ च्या सप्टेंबरात. माझ्यानंतर किती वर्षांनी!" यात विमानाचं कौतुक होतं की सरकारवर टीका, ते कळलं नाही.

मग काकांनी स्कूटरच्या डिकीतून जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला मल्टीमीटर काढला. एवढं मात्र कबूल केलं पाहिजे की त्यांना काम येत होतं. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन वायरी त्यांनी बरोबर हीटरच्या म्हणून ओळखल्या, त्यांच्यावर मीटर लावला. सहा ओहम. "हीटर जिवंत." सेन्सरच्या टोकाची भोकाभोकांची टोपी उजेडात फिरवली. वर करड्या राखेचा पातळ थर. "पेट्रोलने धुऊन चमकवायला जाऊ नका. आतली सिरॅमिक असते, झिर्कोनियाची. सिलिकॉनचा गम जवळ आणू नका, मरतो. आट्यांना कॉपरवालं ग्रीस लावा, पण टोकाला एक ठिपका लागता कामा नये. आणि हातातून पाडू नका, काचेसारखा आहे." एवढं सगळं या माणसाला माहीत होतं, म्हणूनच पुढचं जास्त जिव्हारी लागतं.

"आता सिग्नल बघू. आग पाहिजे."

मिस्त्रीचा गॅसकटर माझ्या ऑडिटरला गरम करण्यात गुंतला होता. काकांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. टपरीवर चहा उकळत होता.

पुढच्या पाच मिनिटांत मी अशा एका मिरवणुकीत सामील झालो, जिच्या पुढे सांडशीत सेन्सर धरलेले काका, मागे मीटर धरलेला मी, आणि त्याच्या मागे कंपनीतून शिफ्ट सुटलेले सात-आठ जण. टपरीवाला म्हणाला, "काका, चहा उतू जाईल." काकांनी पातेलं बाजूला सारलं. "दोन मिनिटं. मंद ठेव." सेन्सरचं टोक ज्योतीत धरलं. मीटर शून्यावर. काका म्हणाले, "तापू दे." एकजण म्हणाला, "वांगं चांगलं भाजलं जातं याच्यावर." दुसऱ्याने विचारलं, "काय आहे हे?" तिसरा म्हणाला, "विमानाचा पार्ट आहे, काका एचएएलचे आहेत." मिनिटाभराने टोक लालसर झालं आणि आकडा हलला. पॉइंट दोन, पॉइंट पाच, पॉइंट आठ व्होल्ट.

"आठ!" काका ओरडले. "ज्योतीत ऑक्सिजन नाही, म्हणून आठ. बाहेर काढला की पडणार." बाहेर काढला. पॉइंट एक. पुन्हा ज्योतीत, पुन्हा आठ. लोकांनी खरोखर टाळ्या वाजवल्या. साडेसहा हजारांचा माल मी नऊशेत आणला होता, आणि मला, खोटं कशाला बोलू, मान थोडी ताठ झाल्यासारखं वाटलं.

काकांना गर्दीला मीटर दाखवायचा होता. त्यांनी सांडशी टपरीवरच्या पोराच्या हातात दिली. "धर रे जरा." पोरगं बारा-तेरा वर्षांचं, शहाणं. हातात तापून लाल झालेली वस्तू, आजूबाजूला गर्दी, कुणाला चटका बसू नये म्हणून त्याने जे कुणीही केलं असतं तेच केलं. ग्लास विसळायच्या बादलीत बुडवली.

चर्र.

त्या आवाजानंतर एक बारीक 'टिक्' झालं. ते फक्त मी आणि काकांनी ऐकलं.

काकांनी सेन्सर पुसला, ज्योतीत धरला, थांबले. शून्य. हलवला. शून्य. आत काहीतरी खुळखुळलं. मग त्यांनी मीटर बंद केला, बनियनमध्ये गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पण टेस्टला पास होता."

कुणावर चिडावं? पोराने बरोबर केलं होतं. काकांनीही मदतच केली होती. मीच एवढा मोठा माणूस हातात मल्टीमीटर घेऊन टाळ्या ऐकत उभा होतो. तरी राग येतोच. मदत करणाऱ्याचा राग तर सगळ्यात जास्त येतो, कारण तो बोलूनही दाखवता येत नाही. "हा मला द्या," काका म्हणाले, "नातवाला कापून दाखवतो आत काय असतं ते." दिला. नऊशेचा.

शेवटी साडेसहा हजारांचा नवाच आणला. ऑडिटर तापवून, स्प्रे मारून, अर्धे आटे पाइपात ठेवून एकदाचा निघाला. मग डाय फिरवून त्याचे आटे साफ केले. त्याची मजुरी वेगळी, नव्या पाइपावर सेन्सरचा नट वेल्ड करण्याची वेगळी, आणि 'सेन्सर काढणे-लावणे' बिलात दोनदा. विचारलं तर मिस्त्री म्हणतो, "शेठ, काढणे एकदा, लावणे एकदा." हिशेब चालू असतानाच काकांची स्कूटर तयार झाली. त्यांनी खिशात हात घातला तसा मिस्त्री म्हणाला, "असू द्या हो, काकांकडून काय घ्यायचे!"

पिवळा दिवा विझला. गाडी आता दबक्या आवाजात चालते, त्यामुळे चिरंजीव नाराज आहेत आणि वॉचमन झोपून राहतो.

काल पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. टपरीवरून तेच पोरगं हात हलवत ओरडलं, "सेन्सरवाले काका! आज काही भाजायचंय का?" चार माणसं वळून बघायला लागली. नाही म्हणायलाही थांबावं लागलंच. एक साधा चहा सांगितला, आणि पातेलं शेगडीवर चढायच्या आधी भाव विचारून घेतला.