गंधक गेलं म्हणून इंजेक्टर जात नाहीत

ट्रकमालक आणि ड्रायव्हरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरत असतो. मजकूर थोडा इकडेतिकडे होतो, पण सांगणं एकच. बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आल्यापासून डिझेलमधलं गंधक काढलं, त्यामुळे डिझेल ‘कोरडं’ झालं, म्हणजे त्यातलं वंगण गेलं. वर त्यात इथेनॉल मिसळतात. म्हणून नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची टोकं, जातात. त्यावर उपाय असा, की दर टाकीला टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल नाहीतर थोडं रॉकेल ओता, फिल्टरला फार जपू नका, आणि एक इंजेक्टर गेला की सहाच्या सहा बदला. लोक हे मनापासून करतात, आणि मग त्याच गाड्या पंप-नोझलच्या दुकानात उभ्या राहतात. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘गंधक हेच डिझेलचं वंगण होतं’

गंधक स्वतः वंगणाचं काम करत नाही. रिफायनरीत ते काढण्यासाठी हायड्रोजनची जी प्रक्रिया करतात, तिच्यात ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले काही घटकही निघून जातात. धातूला धरून राहणारे आणि घर्षण कमी करणारे होते ते हे घटक. त्यामुळे मेसेजच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती नाकारण्याचं कारण नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडननं जवळपास बिनगंधकाचं डिझेल आणलं, तेव्हा तिथल्या गाड्यांचे रोटरी डिझेल पंप खरोखर झिजले. पण इलाजही तेव्हाच निघाला: वंगण वाढवणारं ॲडिटिव्ह विक्रीआधीच डिझेलमध्ये मिसळायचं.

आपल्याकडच्या डिझेललाही वंगणाची चाचणी आहे. ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी चकतीवर घासतात आणि गोळीवर पडलेला घासा मोजतात. तो ४६० मायक्रॉनच्या वर गेलेला चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० वर आलं, पण घाशाची मर्यादा बीएस-४ला होती तीच राहिली. चांगल्या पंपावरून घेतलेलं डिझेल कोरडं नसतं.

‘डिझेलमध्ये इथेनॉल घालतात’

इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. पंपावरच्या डिझेलमध्ये नाही. इथे गल्लत झाली आहे, एवढंच.

‘टू-टी किंवा रॉकेल ओता’

रॉकेल डिझेलपेक्षा पातळ. त्याचा थर पंपाच्या प्लंजरवर (डिझेल दाबणाऱ्या दांड्यावर) आणि इंजेक्टरच्या सुईवर टिकत नाही, म्हणजे ज्या झिजेची भीती घातली तीच झीज हा उपाय वाढवतो. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीनं कदाचित ते सोसलं असेल. तिथे नोझल उघडायचा तो दोन-अडीचशे बारला. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, दाब १६०० ते २००० बार किंवा त्याहून वर असतो, तिथे ही चैन परवडत नाही.

टू-टी ऑइलची अडचण वेगळी. त्यातल्या बऱ्याच ऑइलमधून जळल्यावर राख उरते. बीएस-६ ट्रकच्या सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीत, काजळी रिजनरेशनला (जाळी तापवून साफ करताना) जळून जाते, राख जळत नाही. ती साठत जाते आणि जाळी तुंबते. इंजेक्टर वाचवायला जाऊन डीपीएफचा खर्च ओढवून घ्यायचा, हे मला बघवत नाही.

‘फिल्टरला जपायची गरज नाही’

सगळ्यात घातक वाक्य हेच, कारण इंजेक्टर जायचं खरं कारण इथे आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. प्लंजर आणि तो ज्यात सरकतो त्या बॅरलमधली फट दोन-चार मायक्रॉनची. डोळ्याला अजिबात न दिसणारी धूळ तिथे रेतीसारखी चालते.

खराब इंजेक्टर खोलून भिंगाखाली धरा. वरच्या कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये जेमतेम मोहरीएवढी गोळी असते आणि तिची बसायची जागा आरशासारखी गुळगुळीत हवी. कचऱ्यानं खाल्लेल्या इंजेक्टरमध्ये त्या जागेवर बारीक चर पडलेला दिसतो. त्या चरातून डिझेल सतत रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत) निसटतं, रेलचा दाब बनत नाही, आणि गरम गाडी बंद करून चहाला थांबलात की परत स्टार्ट व्हायला रडते. सुईवर तांबूस डाग दिसले तर समजा, टाकीत पाणी आहे. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाला बसतं. वॉटर सेपरेटरचा नळ खालून सोडून ते काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हे काम ड्रायव्हरला कुणी नीट शिकवतच नाही, म्हणून होत नाही.

फिल्टर बदलतानाची एक चूक तर चांगले मिस्त्रीही करतात. नवा फिल्टर बसवण्याआधी मधल्या मोठ्या भोकातून कॅनमधलं डिझेल ओततात, एअर लवकर निघावी म्हणून. मधलं भोक म्हणजे बहुतेक फिल्टरांची स्वच्छ बाजू. कॅनमधला सगळा कचरा फिल्टर न होता सरळ पंपात आणि इंजेक्टरमध्ये. फिल्टर कोरडाच बसवा आणि हँड पंपानं एअर काढा. हात दुखले तरी चालेल. जुना फिल्टर डिझेलनं धुऊन परत लावणं आणि डुप्लिकेट फिल्टर वापरणं, हीसुद्धा इंजेक्टरशी दुश्मनीच.

हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात जे मिळतं, त्याबद्दलही बोलायला हवं. खरं बायोडिझेल वंगणाला चांगलं असतं, पण ड्रममधून विकलं जाणारं ते तेच असतं याची खात्री काय? लिटरमागे वाचलेले पैसे इंजेक्टरच्या एका बिलात जातात. आणि युरियाची (बीएस-६ गाडीत धूर साफ करायला लागतो तो) टाकी कुठली, डिझेलची कुठली, हे नव्या ड्रायव्हरला हात लावून दाखवा. युरिया चुकून डिझेलमध्ये पडला तर चावी फिरवू नका. टाकी आधी पूर्ण रिकामी करून साफ करायची.

‘एक गेला की सहाही बदला’

नवा संच म्हणजे लाखाच्या घरातला खर्च, म्हणून आधी तपासा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारख्या बाटल्या लावून इंजिन चालवायचं. ज्या बाटलीत इतरांपेक्षा भराभर डिझेल जमेल, तो संशयित. तो काढून टेस्ट बेंचवर लावा. सहाही बाटल्या सारख्याच वेगानं भरत असतील, तर सहाही एकाच कचऱ्यानं गेलेत किंवा दोष पंपाकडे आहे. बदलायचाच ठरला तर खालचा तांब्याचा वायसर नवाच टाका, जुना ठोकून वापरू नका. तो गळला की इंजिनातला जाळ वर येऊन इंजेक्टर भाजतो. इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर लॅपटॉप लावून तो इसीएममध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या. कोड न भरता गाडी सुटली तर इंजिन खडखडतं, धूर येतो, आणि चांगल्या इंजेक्टरला खराब ठरवून परत तेच चक्र सुरू होतं. गाडी दुकानातून बाहेर काढण्याआधी मिस्त्रीला हे विचारा, आणि टाकी साफ केली का तेही विचारा. जुन्याच कचऱ्यावर नवा इंजेक्टर चालवला तर तोही त्याच वाटेनं जाणार.