"घरचे पैसे फुंकायचे धंदे" म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कॉमेंट वाचली. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या एमटेकवरचा (बीईनंतरची दोन वर्षांची डिग्री) माझा लेख पटला नाही, ठीक आहे, पण "एमटेक म्हणजे नोकरी न लागलेल्या पोट्ट्यांचे घरचे पैसे फुंकायचे धंदे, अन् तुम्ही त्यांना भरीस घालून राहिले" ही काय बोलायची पद्धत झाली? आमच्याकडे पानठेल्यावर पण लोक याहून बरं बोलतात.

घरचे पैसे कोणाचे, सांगा ना? गेट (एमटेकच्या ॲडमिशनसाठीची देशपातळीवरची परीक्षा) क्वालिफाय असलं अन् एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या सरकारी परिषदेची, मान्यता असलेल्या कॉलेजात फुलटाइम ॲडमिशन घेतली की महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड असते, दोन वर्षं, त्याच्या बदल्यात आठवड्याला ८ ते १० तास ज्युनियर पोरांची प्रॅक्टिकलं घ्या, जर्नलं तपासा. गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणजे नोकरी करता करता पेपर देऊन ठेवता येतो. हे सगळं लेखात आहे, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसलं असतं. स्टायपेंड वेळेवर पडत नाही म्हणता, ते मात्र बरोबर, कधी कधी दोन-तीन महिन्यांची एकदम येते.

अन् मी काही हवेत बोलून नाही राहिलो. दारव्ह्याकडचा माणूस आहे मी, घरी कोरडवाहू वावर. बीई झाल्यावर नागपूरजवळ बुटीबोरीत एका कंपनीत कंत्राटावर होतो, शिफ्टभर व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) घेऊन पीसची मापं घ्यायची, डिझाइन डिपार्टमेंटचं दार पण आतून पाहिलं नाही, अन् रूमभाडं, मेस जाऊन हातात काही उरायचं नाही. मग डिझाइनमध्ये एमटेक धरलं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा पुढच्या बियाण्याचे पैसे माझ्या स्टायपेंडमधून गेले, बाबानं एक गुंठा विकला नाही. याला फुंकणं म्हणतात काय? तुम्ही कोणत्या घरचे आहात माहीत नाही, पण असं बोलायच्या आधी माणसानं जरा विचार करावा.

बाकी तुम्ही विचारलं, थर्मल विषयात एमटेक केलेल्यांना नोकऱ्या कुठं आहेत, पीएसयूत (सरकारी कंपन्यांत) तर बीई अन् गेटवरच घेतात मग एमटेक कायले, प्लेसमेंटचे आकडे काऊन दिले नाही, हे ज्याच्या त्याच्या कॉलेजवर अन् मेहनतीवर आहे, त्यात मी पडत नाही. गेट न निघता प्रायव्हेट कॉलेजात फी भरून बसलेल्यांचं काय, तो वेगळा विषय आहे, कधी तरी लिहीन.

तुमचा पुतण्या एमटेक करून घरी बसला आहे म्हणता, वाईट वाटलं. पण त्याचं गेट निघालं होतं का, तेवढं सांगा फक्त.