ती लक्ष्मी नाही, विक्टोरिया आहे

मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज असा: रोमन लोकांच्या मातीच्या दिव्यावर पंखवाली लक्ष्मी आणि भोवती नाणी, म्हणजे रोममध्ये लक्ष्मीपूजन व्हायचं. हे दिवे तेलाविना पंधराशे वर्षं जळत. प्रत्येक दिवा हाताने कोरलेला, एकमेव. खाली 'ओरिजिनल दिवा घरपोच' म्हणून नंबर. मावशी आगाऊ पैसे भरायला निघाली, म्हणून हा खटाटोप.

अहो, फोटो जरा मोठा करून बघा! बाईच्या हातात गोल ढाल आहे आणि ढालीवर लॅटिनमध्ये चक्क नववर्षाच्या शुभेच्छा: 'आन्नुम नोवुम फाउस्तुम फेलिकेम'. ही विक्टोरिया, रोमनांची विजयदेवता. नाणी आहेत, मान्य. पण शेजारचे खजूर आणि अंजीर मेसेजवाल्याने सोयीने गाळले. ही सगळी रोमन नववर्षाची भेट. ओव्हिड या रोमन कवीने 'फास्ती' या रोमन सणवारांवरच्या काव्याच्या पहिल्याच सर्गात थेट जानुस देवालाच विचारलंय की खजूर, अंजीर, मध का देतात? वर्ष गोड जावं म्हणून. मग नाणी कशाला? त्यावर जानुस हसतो: मध पैशापेक्षा गोड असतो असं वाटतं तुला? दोन हजार वर्षांपूर्वी खुलासा झालाय, आणि आपण लक्ष्मी शोधतोय. कमळ नाही, हत्ती नाही. पंख तेवढे आहेत, जे आपल्या नेहमीच्या लक्ष्मीला नसतात.

एवढं खरं की पॉम्पेई या जुन्या रोमन शहरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, आणि तशाच घडणीची एक आपल्या भोकरदनलाही मिळाली. पण ती व्यापारातून गेलेली वस्तू. शिवाय ती लक्ष्मी नसून यक्षी असावी, असं आता बरेच अभ्यासक म्हणतात. दिव्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

पंधराशे वर्षं जळणाऱ्या दिव्याची गोष्ट सिसेरो या रोमन वक्त्याच्या मुलीच्या, तुलियाच्या, कबरीची. कुठे ती १४८५ साली उघडली म्हणतात, कुठे तिसऱ्या पॉल पोपच्या काळात. हा पॉल पोप झाला १५३४ला! बंद जागेत प्राणवायू कमी पडला की ज्योत विझते, हे शाळेत पेल्याखाली मेणबत्ती ठेवून सगळ्यांनी पाहिलंय.

आणि एकमेव? हे दिवे वरचा नि खालचा असे दोन साचे जोडून ढिगाने काढत. तळाला 'फोर्तिस' या कारखानदाराच्या नावाचा छाप असलेले दिवे तर इतके चालले की लांबलांबच्या प्रांतांत त्यांची नक्कल झाली. तयार दिव्यावरूनच नवा साचा घेत. माती वाळताना नि भाजताना आकसते, म्हणून नक्कल थोडी लहान, नक्षी पुसट. आजही कोणीही तसा साचा घेऊ शकतो, तो नंबरवालाही. मावशी, पैसे भरू नकोस.