सेफेरचा मान आणि दहावा माणूस

‘ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये पैसे मोजले की मेलेल्या बापाला स्वर्ग मिळतो. धर्मग्रंथासमोर उभं राहायचा मान फक्त श्रीमंतांचा. मृतांची पूजा करतात, तीही आपल्या श्राद्धावरून उचललेली.’ हा मेसेज मला तिघांनी पाठवला. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, अलिबागकडचा. बाबांचा वर्षदिन, म्हणजे मृत्युदिन, दर वर्षी पाळतो, म्हणून गप्प बसवत नाही.

पैशांचं आधी. काही मशिदींत (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणायची पद्धत) सणावाराला मानांची बोली लागते, हे खरं आहे. तो पैसा दिवाबत्ती, डागडुजी आणि गरजूंसाठी जातो. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, तर पैशाला हातही लावत नाहीत. आकडा फक्त बोलायचा, द्यायचा नंतर. पण बोलीने मान मिळाला म्हणजे मृताला स्वर्ग मिळाला, असं आमचा कुठलाही धर्मग्रंथ सांगत नाही.

आणि मान फक्त श्रीमंतांना? शब्बाथच्या सकाळी सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडला की सात जणांना नावाने बोलावतात. पहिला कोहेन (पुरोहित कुळातला), दुसरा लेवी (मंदिरसेवेच्या कुळातला), मग बाकीचे. हा क्रम कुळाचा आहे, खिशाचा नाही. आम्हा बेने इस्राएलांत तर परंपरेने कोहेन-लेवी नाहीतच, त्यामुळे पाहुणा कोहेन नसला की पहिली हाकही साध्या माणसालाच. शिवाय काहींचा हक्क आधीचा असतो: नवरदेव, तेरा वर्षांचा झालेला मुलगा, आणि त्या आठवड्यात आईचा किंवा वडिलांचा वर्षदिन असलेला. वर्षदिनवाल्याला हाक येते, तो प्रार्थनेच्या शालीची झालर सेफेरला लावून ओठांना लावतो, आशीर्वाद म्हणतो. मग वडिलांच्या नावाने हश्काबा, म्हणजे मृतासाठीची प्रार्थना, होते. ऑर्थोडॉक्स मशिदींत स्त्रियांना ही हाक येत नाही. टीका करायचीच तर ती करा, मीही ऐकून घेईन.

मृतांची पूजा? वर्षदिनाला मुलगा म्हणतो तो कद्दीश अरामी भाषेत आहे, आणि त्यात मृत्यूचा शब्दही नाही. ‘यिथगद्दल वेयिथकद्दश शेमे रब्बा’, म्हणजे त्याचं थोर नाव मोठं होवो, पवित्र होवो. बस्स, देवाची स्तुती. बाप गेल्यावर पुष्कळ ठिकाणी मुलगा हा अकराच महिने म्हणतो, कारण दुष्टाचा न्याय बारा महिने चालतो असं मिश्नात, म्हणजे आमच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, आहे. बारा महिने पुरे केले तर आपणच बापाला दुष्ट ठरवल्यासारखं होईल. इतका हळवा हिशोब ज्या रिवाजात आहे, त्याला व्यापार म्हणताना हात कसा धजावतो?

श्राद्धाची नक्कल म्हणाल, तर वडिलांच्या मृत्युदिनी मांस-मद्य वर्ज्य करण्याचा उल्लेख तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथातच आहे. तालमूद बॅबिलोनचा, आणि दीड हजार वर्षं जुना. युरोपातले ज्यू याच दिवसाला यिद्दिशमध्ये यार्टसाइट म्हणतात. साम्य आहे, ते मला आवडतंही. दिवस तिथीने धरायचा, आणि आपल्या अधिक मासासारखा इब्री (हिब्रू) पंचांगातही 19 वर्षांत सात वेळा जादा महिना येतो. गेलेला अदार महिन्यात गेला असेल आणि यंदा अदार दोन असतील, तर सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने दुसरा धरतात. पण साम्य म्हणजे चोरी नव्हे.

मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊकच नाही. कद्दीशसाठी पैसे लागत नाहीत, दहा माणसं (तेरा वर्षांवरचे ज्यू पुरुष) लागतात. 1948 नंतर आमची घरंच्या घरं इस्राएलला गेली, आणि कोकणात दहा जण जमवणं कठीण झालं. गेल्या वर्षी बाबांचा दिवस गुरुवारी आला. गुरुवारीही सेफेर उघडतो, तिघांना हाक येते. आम्ही नऊच होतो. आदल्या संध्याकाळी लावलेला दिवा घरी अजून जळत होता. हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, दाराकडे बघत थांबले. साडेआठला पेणहून एसटीने एक काका आले, धापा टाकत, टोपी सारखी करत. मग मी उभा राहिलो.