सुतार नावाचा परग्रहवासी आणि सदरच्या कट्ट्यावरचा वाद

"यात अख्खे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधले येशूचे चरित्र आहे, फक्त बेथलेहेमच्या जागी वॉशिंग्टन आहे," असे वकीलसाहेब म्हणाले आणि वादाला तोंड फुटले. वकीलसाहेब नागपूरच्या सदर भागातल्या आपल्या चर्चमध्ये तरुणांचा वर्ग घेतात. येत्या रविवारी मुलांना १९५१ सालचा 'द डे द अर्थ स्टूड स्टिल' हा विज्ञानपट दाखवून त्यातून ख्रिस्ती श्रद्धेचे धडे काढायचे, असे त्यांनी ठरवले होते. चहाच्या ठेल्यालगतच्या ओट्यावर त्या संध्याकाळी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, बँकेतल्या मॅडम, इंदोऱ्याचा तरुण इंजिनिअर आणि मी असे चौघे ऐकणारे होतो. पण आमच्या कट्ट्यावर नुसते ऐकण्याची पद्धत नाही.

चित्रपट सर्वांनी पाहिलेला नव्हता, म्हणून वकीलसाहेबांनी कथा सांगितली. क्लाटू नावाचा परग्रहवासी तबकडीतून वॉशिंग्टनमध्ये उतरतो, भेटवस्तू पुढे करतो आणि घाबरलेला एक सैनिक त्याच्यावर गोळी झाडतो. लष्करी रुग्णालयातून निसटून तो सामान्य माणसांच्या एका खाणावळवजा घरात भाड्याने राहतो आणि तिथे जे नाव सांगतो ते असते कार्पेंटर, म्हणजे सुतार. हेलन बेन्सन ही विधवा आणि तिचा लहान मुलगा बॉबी यांच्याशी त्याचा स्नेह जमतो. हेलनशी लग्न करू पाहणारा माणूस मोठेपणाच्या लोभाने त्याचा ठावठिकाणा लष्कराला कळवतो. क्लाटू मारला जातो, गोर्ट नावाचा त्याचा यंत्रमानव त्याचा देह कोठडीतून उचलून तबकडीत नेतो, तिथे तो पुन्हा जिवंत होतो आणि जमलेल्या शास्त्रज्ञांना संदेश देऊन आकाशात निघून जातो. "सुतार, विश्वासघात, मृत्यू, पुनरुत्थान, स्वर्गारोहण. आणखी काय हवे?" असे त्यांनी विचारले.

सरांचे म्हणणे असे पडले की एवढ्या सामग्रीवर कुठलीही कथा ख्रिस्ताची ठरवता येईल. त्यावर वकीलसाहेबांनी पुरावा काढला. पटकथाकार एडमंड नॉर्थ यांनी पुढे स्वतःच कबूल केले होते की हे साम्य त्यांनी मुद्दाम पेरले. ती त्यांची खासगी गंमत होती आणि दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ किंवा निर्माते ज्युलियन ब्लॉस्टाइन यांना त्यांनी तिच्याविषयी काही सांगितलेही नव्हते. सर म्हणाले, "म्हणजे लेखकाने केलेली थट्टा तुम्ही वर्गात धर्मोपदेश म्हणून शिकवणार." यावर सगळे हसले, वकीलसाहेबही हसले, पण मला विचाराल तर त्या गमतीहून तिचे पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. त्या काळी हॉलिवूडमध्ये नीतिनियम पाहणारे कार्यालय होते. यंत्राच्या बळावर मेलेला माणूस उठतो, हे त्याला खटकले आणि त्याच्या आग्रहावरून एक संवाद घालावा लागला. गोर्टच्या हाती जीवन-मरणाची सत्ता आहे का, असे हेलन विचारते, तेव्हा क्लाटू सांगतो की ती सत्ता केवळ सर्वशक्तिमान आत्म्याची आहे आणि हे मिळालेले आयुष्य काही काळापुरतेच आहे. लेखकाने लपवलेला ख्रिस्त त्यांना दिसला की नाही कोण जाणे. पण धर्म सांभाळायला बसलेल्यांनीच त्या पुनरुत्थानाचे पुनरुत्थानपण काढून घेतले. मृत्यूवर कायमचा विजय, हा जो ईस्टरचा गाभा, तोच त्या एका वाक्याने गेला आणि उरला एक उपचार, ज्याची मुदत कोणालाच माहीत नाही.

इंजिनिअरचा आक्षेप वेगळा होता. त्याने १९९९ च्या 'द मॅट्रिक्स'चे उदाहरण घेतले. त्यात ट्रिनिटी नावाची नायिका आहे, झायन नावाचे नगर आहे, मरून उठणारा त्राता आहे, म्हणून ख्रिस्ती लोक तो आपला मानतात. त्याच्या घरी मात्र तो चित्रपट बौद्ध विचाराचा म्हणून पाहिला गेला, कारण दिसणारे जग हा भ्रम आहे आणि जागे होणे हीच मुक्ती आहे, हे त्यात उघड आहे. शिवाय त्या मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस बृहदारण्यक उपनिषदातले 'असतो मा सद्गमय' गायले जाते. "तेव्हा ज्याने त्याने आपापला चेहरा पाहून घ्यावा, आरसा कोणाचाच नाही," असे तो म्हणाला. ही भूमिका समंजस वाटते, पण मला ती थोडी आळशीही वाटते, कारण ती एकदा स्वीकारली की कुठलाही अर्थ दुसऱ्यापेक्षा बरा किंवा वाईट ठरवण्याचे कष्टच उरत नाहीत.

वकीलसाहेबांनी तिला उत्तर दिले ते ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या आधाराने. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार दिला, त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असेच ते सांगत राहिले. मग एखादा मुलगा तबकडीच्या पुलावरून का येऊ नये? प्रश्न बिनतोड होता. सरांनी एवढेच म्हटले की पूल वापरणाऱ्याने दोन्ही काठ पाहिलेले असावेत, आणि टिळकांनी तुकाराम मुळापासून वाचले होते.

एवढा वेळ गप्प असलेल्या मॅडमनी इथे वादाचा रोखच बदलला. त्या म्हणाल्या, "तो माणूस कसा मेला आणि कसा उठला, हे राहू द्या. तो शेवटी काय सांगतो, ते वाचून दाखवा." वकीलसाहेबांना ते भाषण जवळजवळ पाठ होते. क्लाटू सांगतो की त्याच्या जगांनी गोर्टसारख्या यंत्रमानवांची एक फौज उभारली आहे. आक्रमणाच्या बाबतीत त्यांना निरंकुश अधिकार दिले आहेत, ते अधिकार परत घेता येत नाहीत आणि हिंसेचे चिन्ह दिसताच ते आपणहून कारवाई करतात. आम्ही परिपूर्ण झालो असा आमचा दावा नाही, पण आमच्याकडे एक व्यवस्था आहे आणि ती चालते. पृथ्वीने शांततेने राहावे, नाहीतर तिची राख होईल, निर्णय तुमचा.

"आणि हा तुमचा ख्रिस्त?" मॅडमनी विचारले. गेथशेमाने बागेत अटक होत असताना येशू शिष्याला तलवार म्यान करायला सांगतो आणि म्हणतो की मी मागितले तर पिता देवदूतांची बारा सैन्ये पाठवील. पण तो मागत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शोमरोनी लोकांचे एक गाव त्याला थारा देत नाही, तेव्हा त्याचे शिष्य याकोब आणि योहान विचारतात की आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करायला सांगू का. तो मागे वळून त्यांनाच दटावतो. क्लाटूची फौज म्हणजे तो अग्नी आहे, कायमचा नेमून ठेवलेला. त्यामुळे नाव सुताराचे असले तरी शिकवण याकोब-योहानांच्या त्या रागाची आहे, असे मॅडमचे म्हणणे होते. मॅडम कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या आहेत, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांनी तिथे इतके लक्ष दिले होते, हे ठाऊक नव्हते.

वकीलसाहेबांनी सहजासहजी माघार घेतली नाही. बायबलच्या जुन्या करारातला जलप्रलय आणि प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातला न्यायनिवाडा त्यांनी पुढे केला. देवाची दया मानायची आणि त्याचा क्रोध वगळायचा, हे त्यांना मान्य नव्हते. मॅडम म्हणाल्या की प्रलयानंतर देव मेघांत धनुष्य ठेवून पुन्हा असा प्रलय न आणण्याचे वचन देतो, आणि दुसरे म्हणजे गोर्ट हा देव नसून कोणीतरी बनवलेले यंत्र आहे. न्याय देवाने करणे आणि न्यायाचे यंत्र करून ते मोकळे सोडणे, यांत फरक आहे.

सरांना मात्र क्लाटूचे पटत होते. सोव्हिएत संघाने १९४९ मध्ये अणुचाचणी केली, १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि पुढच्या वर्षी हा चित्रपट आला; अशा काळात डोंगरावरील प्रवचनाने बॉम्ब थांबले नसते, धाकाने कदाचित थांबले असते. "शेवटी तुमचे कोर्टही धाकावरच चालते नं?" असे त्यांनी वकीलसाहेबांना डिवचले. यावर वकीलसाहेब जे बोलले, त्याने मला वाटते त्यांची स्वतःचीच बाजू बदलली. ते म्हणाले, "कोर्टात अपील असते, सर. जन्मठेपेलाही माफीचा अर्ज असतो. ज्याचा अधिकार परत घेता येत नाही, त्याच्यासमोर अपील कुठले?" येशूला त्याचा शिष्य पेत्र याने विचारले होते की भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, तेव्हा उत्तर मिळाले, सातच्या सत्तर वेळा. गोर्टच्या रचनेत पहिल्या क्षमेलाही जागा ठेवलेली नाही, हे सांगताना त्यांच्या लक्षात आले असावे की आपण मॅडमचाच मुद्दा पुढे नेत आहोत.

मग या चित्रपटात श्रद्धेविषयी शिकण्यासारखे काहीच नाही का? मला ते हेलनच्या त्या प्रसंगात दिसते. क्लाटू मारला गेल्यावर खवळलेल्या गोर्टला थांबवण्यासाठी तिच्याजवळ फक्त तीन परके शब्द असतात, 'क्लाटू बराडा निक्टो'. त्यांचा अर्थ तिला माहीत नसतो आणि ते चालतील याचा पुरावाही नसतो. ती घाबरते, अडखळते, तरी शब्द उच्चारते, कारण ज्याने ते सांगितले त्या माणसावर तिचा भरवसा असतो. तत्त्वावर नव्हे, माणसावर ठेवलेला विश्वास, आणि तोही पाय लटपटत असताना. नव्या करारात विश्वास म्हणून जे येते त्याच्या हे सुतार या नावापेक्षा कितीतरी जवळचे आहे. रिकामी कबर प्रथम पाहणाऱ्या स्त्रियाही भ्यालेल्याच होत्या.

सरांनी त्याच चित्रपटातल्या प्रोफेसर बार्नहार्टची आठवण दिली. तुमच्यापाशी श्रद्धा आहे, असे क्लाटू म्हणतो, तेव्हा तो वृद्ध शास्त्रज्ञ ते नाकारतो आणि उत्तम विज्ञान श्रद्धेने नव्हे, कुतूहलाने घडते, असे उत्तर देतो. हे वाक्य मुलांपासून लपवू नका, असा सरांचा आग्रह होता. त्यावर वकीलसाहेबांनी स्टीफन हिस्लॉप यांचे नाव घेतले. १८४५ मध्ये नागपुरात आलेला हा स्कॉटिश मिशनरी उपदेशही करी आणि आसपासच्या खडकांतले जीवाश्मही गोळा करी, आणि एकासाठी दुसरे सोडावे असे त्याला वाटले नाही. सर स्वतः हिस्लॉप कॉलेजचे विद्यार्थी असल्यामुळे या ठिकाणी त्यांना फारसे बोलता आले नाही.

प्रश्न उरला रविवारच्या वर्गाचा. शेवटच्या भाषणापूर्वीच चित्रपट थांबवावा, असे वकीलसाहेबांच्या मनात येऊ लागले होते. मॅडमनी ते साफ नाकारले. भाषण पूर्ण दाखवावे, लगेच लूकचा नववा अध्याय वाचावा आणि त्या गावावर अग्नी पाडावा की नाही, हे मुलांनाच विचारावे, असे त्यांनी सुचवले. वकीलसाहेबांनी ते मान्य केले, पण सरांनी वर्गात येऊन गोर्टची बाजू मांडावी, अशी अट घातली. सर तयार झाले. मात्र आरंभीची प्रार्थना साधारण किती वेळ चालते, हे त्यांनी आधी विचारून घेतले.